प्रोग्रामिंगची सुरुवात: दुधाच्या बिलातून पायथॉन

प्रोग्रामिंगच्या मुळाशी फार गोष्टी नाहीत. किंमत (एखादा आकडा किंवा मजकूर) साठवणं, माहिती आत घेणं आणि बाहेर दाखवणं, अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), यादी, फंक्शन (नाव देऊन बांधलेलं काम). एवढ्या सहा गोष्टी पक्क्या झाल्या की पुढे कोणतीही भाषा शिकताना फक्त लिहिण्याची पद्धत बदलते. या सहाही गोष्टी दूध संस्थेच्या एका साध्या बिलात सापडतात: रोज सकाळ-संध्याकाळ दूध घातलं जातं, फॅट लागतं, फॅटवरून दर ठरतो आणि दहा दिवसांनी हिशोब होतो. हे बिल काढणारा प्रोग्राम इथे ओळीओळीने उभा करायचा आहे.

शिकताना एक शिस्त पाळा: रन दाबण्याआधी उत्तर काय येणार ते कागदावर लिहा. दोन्ही जुळलं तर पुढची ओळ. नाही जुळलं तर तिथेच थांबा, कारण नेमकं काय समजलेलं नाही ते त्याच जागी दिसतं. नुसते व्हिडिओ बघून कोड कळल्यासारखा वाटतो आणि कोरी फाइल उघडली की हात थांबतो. पेन्सिलची ही सवय त्यावरचा उपाय आहे.

भाषा पायथॉन घेऊ. खीडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली. आज वापरायची ती पायथॉन ३. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, पण त्या काळातले धडे अजून सापडतात. ओळखायची खूण सोपी आहे: प्रिंटनंतर कंस नसेल तर तो धडा जुना, सोडून द्या.

तयारी

थॉनी नावाचा, प्रोग्राम लिहायचा आणि चालवायचा मोफत एडिटर घ्या. तो एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झाला आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच्यासोबत पायथॉन येतोच, वेगळा बसवावा लागत नाही. वरच्या भागात प्रोग्राम लिहायचा. खालच्या भागाला शेल म्हणतात, उत्तर तिथे दिसतं. एफ५ दाबलं की प्रोग्राम चालतो. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ मध्येही हे सगळं करता येतं. मात्र पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो आणि फोनच्या कीबोर्डवर ती जागा सांभाळणं जिकिरीचं असतं. आठवड्यातून दोन दिवस जरी संगणक मिळाला तरी लूपचा भाग तेव्हासाठी राखून ठेवा.

फाइलचं नाव सेव्ह करताना शेवटी डॉट पीवाय हवं. रँडम, मॅथ, स्ट्रिंग ही नावं फाइलला देऊ नका. पायथॉनच्या स्वतःच्या मॉड्यूलची, म्हणजे तयार कोडच्या संचांची, ती नावं आहेत. पुढे कधी रँडम मॉड्यूल मागवलं तर पायथॉन तुमचीच फाइल उचलतो आणि चूक शोधण्यात अर्धा दिवस जातो.

आता कीबोर्डबद्दल. या लेखात सगळे प्रोग्राम देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना पायथॉनचे स्वतःचे शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायचे: प्रिंट, इनपुट, इफ, एल्स, फॉर, इन, रेंज, व्हाइल, ब्रेक, रिटर्न, राउंड, अपेंड, कॉपी. काहींचं स्पेलिंग आखूड आहे: इंट म्हणजे आय-एन-टी, फ्लोट म्हणजे एफ-एल-ओ-ए-टी, एलिफ म्हणजे ई-एल-आय-एफ, डेफ म्हणजे डी-ई-एफ, लेन म्हणजे एल-ई-एन. या लेखातल्या शब्दांपैकी ट्रू या एकाच शब्दात पहिलं अक्षर मोठं.

लिटर, दर, रक्कम ही आपण ठेवलेली नावं. ती पायथॉन ३ मध्ये देवनागरीत जशीच्या तशी चालतात. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच टाइप करायचे. कोडमध्ये देवनागरी ६ टाइप केला तर सिन्टॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याची पद्धत चुकल्याचा एरर, येतो. गंमत अशी की प्रोग्राम चालू असताना विचारलेल्या प्रश्नाला देवनागरीत ६ असं उत्तर दिलं तर ते चालतं, कारण मजकुराचा आकडा करणारी इंट आणि फ्लोट ही फंक्शनं देवनागरी अंक ओळखतात. आणखी एक: काही मराठी कीबोर्ड ‘र्‍य’ असं जोडाक्षर बनवताना मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालतात. ते नावात आलं की पायथॉन नाव नाकारतो आणि डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. नावं साधी ठेवा.

नाव आणि किंमत

लिटर = ६
दर = ३४
रक्कम = लिटर * दर
प्रिंट(रक्कम)

उत्तर २०४. बरोबरचं चिन्ह इथे गणितातलं नाही. आधी उजव्या बाजूचा हिशोब होतो, मग आलेली किंमत डावीकडच्या नावाला चिकटते. म्हणून ‘दर = दर + १’ ही ओळ बीजगणितात अशक्य असली तरी प्रोग्राममध्ये अगदी रोजची आहे.

आता प्रिंटच्या आधी एक ओळ घाला: लिटर = ८. काय छापलं जाईल? कागदावर लिहा, मग चालवा.

२०४ च येतं. एक्सेलची सवय असलेल्यांना इथे २७२ अपेक्षित असतं, कारण तिथे एक खाना बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे खाने बदलतात. प्रोग्राम वरून खाली एकेक ओळ करत जातो. रक्कम काढली त्या क्षणी लिटर ६ होतं. हिशोब झाला, विषय संपला. नंतर लिटर बदललं म्हणून पायथॉन मागे जात नाही.

हे डोक्यात बसवण्यासाठी कागदावर तक्ता आखा. प्रत्येक नावाला एक रकाना, प्रत्येक चाललेल्या ओळीला एक आडवी रांग. पहिल्या रांगेत लिटर ६. दुसरीत दर ३४. तिसरीत रक्कम २०४. चौथीत लिटरच्या रकान्यात ६ वर काट मारून ८. रक्कमच्या रकान्याला कुणी हातच लावला नाही, हे डोळ्यांनी दिसतं. तक्ता पडताळायला थॉनीच्या व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची (आपण ठेवलेल्या नावांची) खिडकी उघडा, कंट्रोल आणि एफ५ दाबून डीबग (थांबत थांबत तपासणी) सुरू करा आणि एफ७ ने एकेक पायरी पुढे जा. पण आधी कागद, मग खिडकी. उलट केलं तर सराव होत नाही.

माहिती आत घेणं

लिटर = इनपुट("किती लिटर? ")
प्रिंट(लिटर * २)

विचारल्यावर ६ द्या. १२ ऐवजी ६६ येईल. इनपुट जे आणतं तो कायम मजकूर असतो, आकडा दिसला तरी. मजकुराला २ ने गुणलं की तो दोनदा लिहिला जातो. म्हणून आणल्या आणल्या रूपांतर करायचं:

लिटर = फ्लोट(इनपुट("किती लिटर? "))

पूर्ण संख्या हवी असेल तर इंट, दशांश हवा असेल तर फ्लोट. आता कुणी ‘६ लिटर’ असं टाइप केलं, नुसतं एंटर दाबलं किंवा ६.५ च्या जागी स्वल्पविराम देऊन ६,५ लिहिलं तर व्हॅल्यूएरर येतो. त्याचा अर्थ एवढाच की हा मजकूर संख्येत बदलता आला नाही. ओळीच्या शेवटी दोन कंस बंद करायला विसरू नका, एक इनपुटचा आणि एक फ्लोटचा.

३.८ फॅटचे ३० पैसे कुठे गेले?

समजण्यासाठी दर असे धरू. ३.५ फॅटला लिटरमागे ३४ रुपये. त्यावर प्रत्येक दशांश पॉइंटला ३० पैसे जास्त. तुमच्या संस्थेचा दरपत्रक वेगळा असेल, आकडे तिथले घाला. ३.८ फॅट म्हणजे ३ पॉइंट वर, म्हणजे ३४ रुपये ९० पैसे. आता हे चालवा:

फॅट = ३.८
पॉइंट = इंट((फॅट - ३.५) * १०)
प्रिंट(पॉइंट)

उत्तर ३ नाही, २ येतं. कुठे काय झालं ते बघायला शेलमध्ये नुसतं ३.८ - ३.५ टाइप करा. ०.२९९९९९९९९९९९९९९८ दिसेल.

कारण असं. आपण दशांशात लिहितो तेव्हा एक तृतीयांश ०.३३३ असा कितीही लांबवला तरी पुरा होत नाही. संगणक दोनच्या पटीत मोजतो: अर्धा, पाव, अर्धपाव अशा तुकड्यांत. ३.५ म्हणजे तीन आणि अर्धा, तो त्याच्याकडे नेमका बसतो. ३.८ बसत नाही, म्हणून तो त्याच्या सर्वांत जवळची संख्या ठेवतो आणि ती ३.८ पेक्षा अगदी किंचित कमी आहे. फरक काढून दहाने गुणल्यावर २.९९९... येतं. मग इंट ते जवळच्या पूर्णांकावर नेत नाही, दशांशाचा भाग सरळ तोडून टाकतं. उरले २.

हीच ओळ ३.६ आणि ३.७ ला बरोबर उत्तर देते, ३.८ आणि ३.९ ला चुकते, ४.० ला बरोबर, ४.१ ला पुन्हा चुकते. म्हणजे एखाद-दुसरा आकडा घालून ‘चालतंय’ म्हणणाऱ्याला ही चूक सापडणारच नाही. दिवसाला २० लिटर घालणाऱ्याचं दहा दिवसांत २०० लिटर होतं. लिटरमागे ३० पैसे धरले तर ६० रुपये गेले आणि प्रोग्रामने कुठेही लाल अक्षर दाखवलं नाही. एरर देणाऱ्या चुका बिचाऱ्या प्रामाणिक असतात. जपायचं असतं ते अशा मुक्या चुकांपासून.

उपाय: मोजमाप आत आलं की लगेच पूर्ण संख्येत बदलायचं.

दशांश = राउंड(फॅट * १०)
पॉइंट = दशांश - ३५

राउंड जवळच्या पूर्ण संख्येवर नेतं, म्हणून ३.८ चे ३८ होतात आणि ३८ उणे ३५ नेमके ३. पैशांचंही तसंच. रुपये दशांशात ठेवू नका, सगळा हिशोब पैशांत करा: ३४ रुपये म्हणजे ३४००. दूध लिटरऐवजी मिलिलिटरमध्ये. रुपयांत फक्त शेवटी छापताना बदलायचं. राउंडची एक खोड माहीत असू द्या: बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. राउंड(२.५) चे २ येतात आणि राउंड(३.५) चे ४. शाळेतल्या नियमाने अर्धा नेहमी वर जातो, इथे जात नाही.

अट

नियमात भर घालू. ३.० च्या खाली फॅट असेल तर दूध परत. ३.० ते ३.४ असेल तर प्रत्येक पॉइंटला ५० पैसे कपात.

इफ दशांश < ३०:
    दर = ०
एलिफ दशांश < ३५:
    दर = ३४०० - (३५ - दशांश) * ५०
एल्स:
    दर = ३४०० + (दशांश - ३५) * ३०

अटी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली खरी ठरली की बाकीच्या वाचल्याही जात नाहीत. म्हणून ३५ ची अट ३० च्या वर लिहिली तर २८ दशांशाचं दूधही तिथेच पकडलं जाईल आणि परत करण्याची ओळ कधीच चालणार नाही. अरुंद अट आधी, रुंद नंतर.

अटीच्या ओळीनंतर अपूर्णविराम, म्हणजे कोलन, हवाच. त्याखालच्या ओळी चार जागा आत. थॉनीत कोलन देऊन एंटर दाबलं की त्या जागा आपोआप येतात. दुसरीकडून कोड चिकटवला तर टॅब आणि स्पेस मिसळतात, मग टॅबएरर किंवा इंडेन्टेशनएरर येतो. अशा वेळी ओळीच्या सुरुवातीची जागा पूर्ण खोडून पुन्हा द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून आणलेल्या कोडमध्ये अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, पायथॉनला ती चालत नाहीत. तीही नव्याने टाइप करा.

‘समान आहे का’ असं विचारताना दोन बरोबर लागतात: इफ दशांश == ३५. एकच बरोबर म्हणजे किंमत देणं, आणि अटीत ते लिहिलं की सिन्टॅक्सएरर.

पहिल्या फांदीत ‘दर = ०’ लिहिलंय ते लक्षपूर्वक बघा. तिथे नुसतं प्रिंट("दूध परत") लिहिलं असतं तर दर ठरलाच नसता. एकट्या नोंदीत पुढे नेमएरर आला असता आणि चूक कळली असती. पण लूपमध्ये आधीच्या सभासदाचा दर तसाच उरलेला असतो. मग परत केलेल्या दुधालाही तोच दर लागतो. प्रत्येक फांदीत तीच नावं भरली जाताहेत का हे तपासण्याची सवय इथूनच लावून घ्या.

अटींची चाचणी कडेच्या आकड्यांवर करायची, कारण चूक कडेलाच राहते. या नियमासाठी पाच दशांश पुरेत. २९ ला दर ०, ३० ला ३१५०, ३४ ला ३३५०, ३५ ला ३४००, ३६ ला ३४३०. ही उत्तरं आधी हाताने काढा.

लूप

एकूण = ०
फॉर दिवस इन रेंज(१, ११):
    लिटर = फ्लोट(इनपुट("लिटर? "))
    एकूण = एकूण + राउंड(लिटर * १०००)
प्रिंट(एकूण)

रेंज(१, ११) मध्ये १ ते १० येतात. दुसरा आकडा कुंपणासारखा, त्याच्या आत थांबायचं. रेंज(१, १०) लिहिलं की एक दिवस कमी पडतो आणि बिल कमी निघतं, एरर मात्र येत नाही.

हा लूप तीन दिवसांचा करून तक्ता भरा. दूध ६, ५, ७ लिटर. एकूणच्या रकान्यात ०, मग ६०००, ११०००, १८०००. आता ‘एकूण = ०’ ही ओळ चार जागा आत ढकलून लूपमध्ये टाका आणि पुन्हा तक्ता भरा: दर फेरीला ० वर परत, शेवटी ७०००. फक्त शेवटच्या दिवसाचं दूध उरतं. मग ती ओळ जागेवर आणून प्रिंट आत ढकला: तीन वेळा छापलं जाईल, वाढत जाणारी बेरीज दिसेल. लूपमधल्या बहुतेक चुका या एकाच प्रश्नात असतात की कोणती ओळ फेरीच्या आत आणि कोणती बाहेर. ती जागा मुद्दाम चुकवून बघितल्याशिवाय पक्की होत नाही.

किती वेळा फिरायचं ते आधी माहीत नसेल तर व्हाइल:

व्हाइल ट्रू:
    कोड = इनपुट("सभासद कोड? ")
    इफ कोड == "०":
        ब्रेक
    प्रिंट("नोंद:", कोड)

ब्रेक आला की लूप संपतो. इथे कोड हा मजकूर आहे, म्हणून शून्य अवतरणात. मजकूर म्हणून देवनागरी शून्य आणि इंग्रजी शून्य ही दोन वेगळी चिन्हं आहेत. कोडमध्ये इंग्रजी शून्य लिहिलं आणि माणसाने मराठी कीबोर्डवरून देवनागरी शून्य दिलं तर लूप थांबणार नाही. लूप हाताबाहेर गेला तर कंट्रोल-सी किंवा थॉनीतलं लाल स्टॉप बटण.

यादी

बेरीज मिळाली तरी एकेक दिवसाची नोंद हवी असते, सभासद विचारतोच.

नोंदी = []
नोंदी.अपेंड(२०४००)
नोंदी.अपेंड(२०९४०)
प्रिंट(नोंदी[०])
प्रिंट(लेन(नोंदी))

अपेंड यादीच्या शेवटी नोंद जोडतं, लेन नोंदी किती ते सांगतं. क्रमांक मात्र शून्यापासून. दहा नोंदी असतील तर पहिली शून्य क्रमांकावर आणि शेवटची नऊवर, नोंदी[१०] मागितली की इंडेक्सएरर. यादीची प्रत हवी म्हणून ‘जुनी = नोंदी’ लिहिलं तर प्रत होत नाही. एकाच वहीला दोन नावं मिळतात आणि एकीकडून खोडलं की दुसरीकडूनही जातं. खरी प्रत नोंदी.कॉपी() ने होते. सभासद कोडवरून नोंद शोधायची असेल तर डिक्शनरी (नावापुढे किंमत ठेवणारा संग्रह) लागते, पण यादी हातात बसल्यावर ती एका दिवसात येते.

फंक्शन

डेफ दर_काढा(फॅट):
    दशांश = राउंड(फॅट * १०)
    इफ दशांश < ३०:
        रिटर्न ०
    इफ दशांश < ३५:
        रिटर्न ३४०० - (३५ - दशांश) * ५०
    रिटर्न ३४०० + (दशांश - ३५) * ३०

फॅट आत गेलं, लिटरमागचा दर पैशांत बाहेर आला. रिटर्न चालला की फंक्शन तिथेच संपतं, म्हणून एल्सची गरज उरत नाही.

नवशिके इथे प्रिंट आणि रिटर्न यांत हमखास अडकतात. प्रिंट पडद्यावर दाखवतं, रिटर्न किंमत मागणाऱ्या ओळीच्या हातात देतं. रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिलं तर पडद्यावर ३४९० दिसतं, सगळं ठीक वाटतं, आणि पुढच्या ओळीत त्या दराने गुणायला गेलं की टाइपएरर येतो. कारण हातात काहीच आलेलं नसतं आणि ‘काहीच नाही’ला गुणता येत नाही.

फंक्शनखाली लगेच परीक्षा लावा:

प्रिंट(दर_काढा(२.९) == ०)
प्रिंट(दर_काढा(३.०) == ३१५०)
प्रिंट(दर_काढा(३.८) == ३४९०)

तिन्ही वेळा ट्रू यायला हवं. पुढे दरपत्रक बदलला की फक्त हे फंक्शन आणि या ओळी बदलायच्या. आता पूर्ण बिल:

एकूण_पैसे = ०
फॉर दिवस इन रेंज(१, ११):
    फॉर वेळ इन ["सकाळ", "संध्याकाळ"]:
        लिटर = फ्लोट(इनपुट(वेळ + " लिटर? "))
        फॅट = फ्लोट(इनपुट(वेळ + " फॅट? "))
        मिली = राउंड(लिटर * १०००)
        रक्कम = राउंड(मिली * दर_काढा(फॅट) / १०००)
        एकूण_पैसे = एकूण_पैसे + रक्कम
प्रिंट("रुपये", एकूण_पैसे // १००, "पैसे", एकूण_पैसे % १००)

दोन तिरप्या रेघांचा भागाकार फक्त पूर्ण भाग देतो आणि टक्क्याचं चिन्ह बाकी देतं. २२६८५ पैशांचे २२६ रुपये आणि ८५ पैसे. लूपमध्ये लूप असल्यामुळे दहा दिवसांत वीस वेळा आणि चाळीस प्रश्न होतात. चाचणी करताना रेंज(१, २) ठेवा, नाहीतर टाइप करण्यातच कंटाळा येईल. एका दिवसाचा हिशोब हाताने जुळला की मगच ११ करा. सकाळी ६.५ लिटर, ३.८ फॅट: ६५०० गुणिले ३४९० भागिले १०००, म्हणजे तेच २२६८५.

एरर वाचायचा कसा

लाल अक्षरं आली की शेवटची ओळ आधी वाचा, चूक कोणत्या प्रकारची ते तिथे असतं. मग वर जाऊन ओळीचा नंबर. नेमएरर म्हणजे ते नाव पायथॉनला माहीत नाही, बहुतेकदा टाइप करताना एखादी वेलांटी इकडची तिकडे झालेली असते. टाइपएरर म्हणजे न जुळणारे प्रकार एकत्र आले, जसे मजकूर आणि आकडा. सिन्टॅक्सएररचा नंबर कधी एक ओळ खाली निघतो, कारण वरच्या ओळीत कंस उघडा राहिलेला असतो. दाखवलेली ओळ निर्दोष वाटली तर तिच्या वरची बघा.

एरर दिसल्या दिसल्या तो चॅटबॉटला चिकटवून दुरुस्त कोड घेण्याचा मोह होतो. पहिले दीड-दोन महिने तो टाळा. विचारायचंच तर ‘या एररचा अर्थ काय’ एवढं विचारा, दुरुस्ती स्वतः करा. चूक शोधताना होणारी दहा मिनिटांची झटापट हाच इथला खरा सराव आहे आणि तो दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

सराव

रोज चाळीस मिनिटं पुरतात, पण रोज. आज लिहिलेला प्रोग्राम उद्या न बघता कोऱ्या फाइलवर पुन्हा लिहा. जिथे अडेल तिथेच बघा आणि फाइल बंद करून पुन्हा सुरू करा. एका वेळी दोन-तीन ओळींपेक्षा जास्त लिहून चालवू नका, वीस ओळी एकदम लिहिल्या की चूक कुठल्या ओळीत आहे हे शोधणंच मोठं काम होऊन बसतं.

बिल चालू झालं की त्यात भर घाला. एखाद्या वेळी दूध आलंच नाही तर लिटर ० देऊन फॅटचा प्रश्न टाळा. सर्वांत जास्त फॅट कोणत्या दिवशी लागलं ते यादीतून काढा. हिशोब फाइलमध्ये लिहायचा झाला तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ सांगा. विंडोजवर ते न सांगता मराठी अक्षरं लिहायला गेलात तर बऱ्याचदा युनिकोडएन्कोडएरर येतो.

त्यानंतर पशुखाद्याची उचल बिलातून वजा करा. बिल उचलीपेक्षा २५० पैशांनी कमी पडलं असं धरा, म्हणजे एकूण_पैसे उणे २५०. कागदावर लिहा: उणे २ रुपये ५० पैसे. प्रोग्राम दाखवेल रुपये उणे ३, पैसे ५०. पायथॉनचा दोन रेघांचा भागाकार नेहमी खालच्या पूर्ण संख्येकडे जातो, उणे २.५ च्या खालची पूर्ण संख्या उणे ३, आणि बाकी त्याला जुळवून ५० अधिक. पायथॉनच्या दृष्टीने हिशोब बरोबर, सभासदाच्या दृष्टीने चूक. एक इफ घालून ते दुरुस्त करा: रक्कम उणे असेल तर तिचं चिन्ह उलटं करून भागाकार करा आणि रुपयांच्या आधी ‘येणे बाकी’ छापा.